घुबडाचा रकाना

प्रिय घुबडबाई,

हे पत्र हाताने लिहिते आहे, कारण फोनवर मी काहीही बोलले तरी पलीकडून "हं" एवढंच येतं. जुन्या पोथ्या ताडून बघण्यावर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या बाईला अव्ययांचं वावडं असायचं कारण नाही. पण तुझं "हं" हे माझ्या पाहण्यातलं सर्वांत लहान आणि सर्वांत जड अव्यय आहे. पत्रात ती पंचाईत नाही. इथे मी बोलणार, तू वाचणार, आणि मध्येच "हं" म्हणालीस तरी ते तुझ्या भिंतीच ऐकतील. फक्त एक सूचना. शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला तू अकरावीत असल्यापासून ठाऊक आहे. मी या घरात आले त्याच आठवड्यात माझ्या हातातल्या कादंबरीचा शेवट तू मला जाता जाता सांगून टाकला होतास आणि वर म्हणाली होतीस, "वहिनी, आता निवांत वाच, टेन्शन नको." म्हणून या पानांवर मी आकडे घातलेले नाहीत आणि पाकिटात घालण्याआधी पानं पत्त्यांसारखी पिसणार आहे. कुठल्या ओळीचा तुकडा कुठे जोडायचा ते तू लाव. त्या कामात तुझा हात धरणारं दुसरं कोणी नाही.

आधी घरची खबर. तुझा दादा बरा आहे. म्हणजे रविवारी फोनवर तुला सांगतो तितका नाही, आणि त्याच्या चेहऱ्यावरून वाटतो त्याहून जास्त. केसांच्या बाबतीत त्या औषधांचं आमच्याकडे हसंच झालं, कारण घालवायला आधीच काही शिल्लक नव्हतं. भुवया तेवढ्या गेल्या होत्या, त्या परत आल्या, आणि आल्या त्या पहिल्यापेक्षा दाट. त्यामुळे तो आता सदैव कशाला तरी हरकत घेत असल्यासारखा दिसतो. बोटांची टोकं मात्र अजून बधिर आहेत. केमोचं सहावं सलाईन संपून आठ महिने झाले तरी शर्टाचं बटण त्याच्या बोटांना सापडत नाही. सकाळी मी लावून देते. पहिले काही दिवस दोघांनाही संकोच वाटला. आता आम्ही दिवसाची भांडणं त्याच वेळात उरकून घेतो, कारण तेव्हा त्याला हलता येत नाही आणि माझे हात त्याच्या गळ्याशी असतात. हल्ली त्याने स्वतः लावायचा सराव सुरू केला आहे. एका बटणाला साडेतीन मिनिटं. मी घड्याळ लावून बसते. ही सवय तुमच्या घराण्याची, मला लग्नाबरोबर मिळालेली.

आता मुद्दा. मंगळवारी मी तुझ्या प्रयोगशाळेत गेले होते. का गेले ते शेवटी सांगते. (बघ, लगेच पानं चाळायला लागलीस.) तळमजल्याच्याही खाली उतरलं की वितळलेल्या मेणाचा तो वास येतो आणि मग उजव्या हाताला तुमची अंधारी खोली. दारावरचा लाल दिवा बंद होता. तुमचे मास्तर बाहेरच भेटले. या माणसाला मी आजवर दोनदाच पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा मला ते काचपट्ट्या वाचणाऱ्या तुम्हा वाचकांतले सर्वांत ज्येष्ठ न वाटता पेन्शनीच्या कागदासाठी आलेले गृहस्थ वाटले होते. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, बिस्किटांचा पुडा फोडला आणि बशीत काढताना बिस्किटं मनातल्या मनात मोजली. हा रोग तुमच्या अख्ख्या मजल्याला आहे. तू शहर सोडून गेलीस तरी तुझी खुर्ची तिथेच आहे. पाठीशी लावायची ती चपटी उशीही आहे. त्या खुर्चीवर लोक बसतात, पण तिची उंची कोणी बदलत नाही. तुझे पाय ताडासारखे, त्यांचे लोंबकळतात. मी विचारलं तर मास्तर म्हणाले, "तिची आहे ना. येईल तेव्हा पुन्हा कोण जुळवत बसणार?"

ती खोली तू मला पहिल्यांदा दाखवलीस त्याला बारा वर्षं झाली. नवा सूक्ष्मदर्शक आला होता आणि तू मला नवं बाळ दाखवायला न्यावं तशी ओढत नेलं होतंस. दार लावलंस, दिवे घालवलेस आणि म्हणालीस, "आता दहा मिनिटं गप्प बसायचं, डोळे अंधाराला सरावले पाहिजेत." मी आयुष्यात त्याआधी दहा मिनिटं गप्प बसले नव्हते. मग तू मला डोळा लावायला सांगितलंस. काळ्याभोर पाण्यात निळ्या गोट्या तरंगाव्यात तशा पेशी, आणि प्रत्येक गोटीच्या पोटात पिवळे दोन ठिपके. मी म्हटलं, "छान आहे, पण हे काय आहे?" तू समजावून दिलंस, आणि तुझ्या आवाजातला तो गंभीर आनंद मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. लिम्फोमा हा गळ्यातल्या-बगलेतल्या गाठींच्या पेशींचा कॅन्सर. त्यात काही वेळा एखादं जनुक मधूनच तुटतं आणि त्याचा अर्धा भाग भलत्याच गुणसूत्रावर जाऊन चिकटतो. ते तुटणं नुसतं दिसत नाही. म्हणून तुम्ही जनुकाच्या एका टोकाला लाल दिवा लावता, दुसऱ्या टोकाला हिरवा. जनुक धड असेल तर दोन्ही दिवे इतके जवळ असतात की मिळून एक पिवळा ठिपका दिसतो. तुटलं असेल तर लाल एकीकडे आणि हिरवा दुसरीकडे.

मी तेव्हा तुला माझ्या पोथ्यांमधलं सांगितलं होतं. पोथी उतरवून काढणारा नकलनवीस पेंगलेला असला की एका श्लोकाचा पूर्वार्ध लिहितो आणि त्याला दुसऱ्याच श्लोकाचा उत्तरार्ध जोडून मोकळा होतो. वृत्त जमतं, कानाला काही खटकत नाही, पिढ्यानपिढ्या लोक तेच पाठ करतात, आणि अर्थ मात्र कुठच्या कुठे गेलेला असतो. तू अंधारातून म्हणालीस, "अगदी तसंच वहिनी. फक्त आमच्याकडे ती पोथी मग स्वतःच स्वतःच्या नकला करत सुटते." मी त्यानंतर आमच्या खात्यातल्या तीन चर्चासत्रांत हे वाक्य माझं म्हणून वापरलं आहे. आज कबूल करते.

आणि तो बटणांचा डबा. सासूबाईंचा तो पत्र्याचा डबा तू माझ्याकडून मागून नेलास तेव्हा मला वाटलं, आईची आठवण म्हणून हवा असेल. नंतर कळलं की तुमच्याकडे एका नमुन्याच्या पेशी दोन जण मोजतात. शंभर एकाने, शंभर दुसऱ्याने, एकमेकांना न सांगता. दोन ठिपक्यांमध्ये निदान आणखी दोन ठिपके मावतील एवढी फट असेल तरच तुटलं म्हणायचं. त्याहून कमी असेल तर जोडलेलंच धरायचं. मोजून झालं की आकडा चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालायची आणि डब्यात टाकायची. दोन्ही चिठ्ठ्या पडल्याशिवाय डबा उघडायचा नाही, आणि तोवर चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचं नाही. दोन्ही मिळून शेकडा दहाच्या वर आकडा गेला तर जनुक तुटलेलं, खाली राहिला तर धड. लहानपणी आपल्या गोट्या रोज मोजून, एक कमी झाली तर दादाच्या खिशापर्यंत पोचणाऱ्या मुलीला याहून चांगली नोकरी कोण देणार होतं? त्यानेच तुला घुबड म्हणायला सुरुवात केली, त्या वाटोळ्या चष्म्यावरून. तो म्हणायचा चिडवायला. त्याला काय ठाऊक, अंधारात बघण्यावरच या बाईचं नाव होणार आहे.

आता मला ज्या आठ दिवसांविषयी लिहायचं आहे ते तुलाही नको आहेत आणि मलाही. पण आपण दोघी तेरा महिने त्यांच्याभोवती वळसा घालून चालतो आहोत, आणि माझे गुडघे आता दुखतात. दादाच्या मानेची गाठ काढली तो गुरुवार. तू आम्हाला शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापर्यंत सोडलंस, त्याच्या डोक्यावर टपली मारलीस आणि "माझी ड्युटी आहे" म्हणून खाली निघून गेलीस. आम्ही वर, तू दोन मजले खाली. पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की लिम्फोमाच आहे. एक जनुक तुटलेलं सापडलं आहे, दुसऱ्याची तपासणी चालू आहे. ते दुसरंही तुटलेलं निघालं तर रोग फार आडदांड, आणि त्याचं औषधही तसंच: दर खेपेला पाच-सहा दिवस रुग्णालयात राहून अहोरात्र सलाईन. तुटलेलं नसेल तर नेहमीचं औषध, दिवसभर बसून घ्यायचं आणि संध्याकाळी घरी. "रिपोर्ट उद्या येईल," त्या म्हणाल्या. उद्या आला नाही. परवा आला नाही. दादाचा आवाज बसत चालला, गिळताना त्याचा चेहरा आवळायचा आणि तो मला सांगायचा की त्याला भूकच नाही. प्रयोगशाळा तुझी, नणंद माझी, आणि रिपोर्ट कुठे आहे हे मला कोणी सांगेना.

पाचव्या दिवशी मी तुला फोन केला. तू व्हरांड्यात होतीस, मागे कुठल्यातरी यंत्राची घरघर होती. मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल, मलाही आहे. पोथीतलं पान गहाळ होतं, असली वाक्यं होत नाहीत. मी म्हणाले, "तुझ्यासाठी तो भाऊ आहे की नमुना, ते एकदा ठरव." तू म्हणालीस, "हं." आणि मी फोन ठेवला. नवव्या दिवशी रिपोर्ट आला, दुसरं जनुक धड होतं. नेहमीचं औषध सुरू झालं. तू प्रत्येक सलाईनला आलीस, त्याच्या पायथ्याशी बसलीस, त्याच्याशी पत्ते खेळलीस आणि हरलीस. माझ्याशी बोललीस ते "पाणी संपलं", "नर्सला बोलवू का", एवढंच. शेवटचं तपासणीचं चित्र स्वच्छ आलं त्या महिन्यात तू त्या दूरच्या शहरातली नवी प्रयोगशाळा उभी करायला निघून गेलीस. मी मनात म्हटलं, चला, लागलं वाटतं बाईसाहेबांना बोलणं. मला थोडं बरंही वाटलं होतं. तेही कबूल करते. एवीतेवी कबुलीजबाबाचीच गाडी सुरू आहे.

त्या आठ दिवसांत खाली काय झालं होतं ते मला मंगळवारी मास्तरांनी सांगितलं. त्यांना वाटलं, मला ठाऊकच असेल. "तुम्हाला ती बोललीच असेल ना," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली, आणि मी पोथ्यांच्या धंद्यात शिकलेली एकच कला वापरली: मध्ये न बोलता मान डोलवली.

त्यांनी सांगितलं की चिठ्ठ्या पडल्या होत्या. त्यांच्या चिठ्ठीवर सहा. तुझ्या चिठ्ठीवर सतरा. दोन्ही मिळून शेकडा साडेअकरा. रेघेच्या वर. "नियम सरळ होता हो," मास्तर म्हणाले, "मी पेन काढलं, 'तुटलेलं' असं लिहायला घेतलं. ही समोर उभी. म्हणाली, मास्तर, सतरा काढून टाका. मी म्हटलं, का गं, काय झालं? तर म्हणते, हा माझा भाऊ आहे." मग म्हणे तू सगळं सांगितलंस. काचपट्टीवर नाव नसतं, आकडा असतो. पण त्या गुरुवारी मानेची गाठ एकच आली होती, आणि मेणाचा ठोकळा हातात घेतानाच तुला कळलं होतं. तू स्वतःला म्हणालीस की मला आकडाच दिसतो आहे. आणि मोजायला बसलीस. मास्तरांनी तुला तीच काचपट्टी पुन्हा डोळ्याखाली धरायला लावली आणि विचारलं, ही पेशी काय? तू म्हणालीस, "जोडलेली. फट एका ठिपक्याची पण नाही." ते म्हणाले, "मग मघाशी?" तू म्हणालीस, "मघाशी मी तुटलेली धरली. अशा सगळ्याच धरल्या. मला वाटलं, मी त्याची बाजू घेईन. म्हणून प्रत्येक शंकेला मी त्याच्या विरुद्ध निकाल दिला."

मास्तर हे सांगताना बिस्किटाचे तुकडे करत होते, चार, मग आठ. म्हणाले, "वहिनी, एकोणतीस वर्षं मी मोजतोय. आपल्या माणसाला झुकतं माप देणारे पाहिले. ही बाई आपल्या माणसाला कमी माप देऊन बसली, आणि ते तिचं तिनेच पकडलं. मला पकडता आलं नसतं. मी तर तिच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो." मग त्यांनी सांगितलं की तू दोन्ही आकडे रद्द करायला लावलेस, त्यांचासुद्धा, म्हणालीस, त्यांना तुझा भाऊ माहीत आहे. मेणाच्या ठोकळ्यातून नवा काप घेतला, पुन्हा रंग चढवला, तुम्ही जिला "तिसरी" म्हणता त्या बाईंनी मोजलं आणि बाहेरून बोलावलेल्या एकाने. पाच आणि चार. या सगळ्याला लागले आठ दिवस. आणि त्यांतल्या पाचव्या दिवशी, व्हरांड्यात, तुला एक फोन आला.

म्हणजे घुबडे, मी ज्या दिवशी तुला विचारलं की भाऊ की नमुना, त्याच्या चार दिवस आधी तू त्याचं उत्तर मास्तरांसमोर उभं राहून दिलं होतंस. आणि मला सांगितलं नाहीस. सांगता आलं असतं. एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं, आणि माझं तोंड बंद करायची संधी या घरात कोणाला रोज मिळत नाही. पण ते सांगायचं तर आधी सतरा सांगावा लागला असता, आणि दादाच्या जिवाची टांगती तलवार माझ्या डोक्यावर आणखी चार दिवस लटकली असती. तू "हं" म्हणालीस. त्या "हं"मध्ये एवढं सगळं होतं, आणि मी, भाषेची पंडिता, त्याला तुसडेपणा समजले. पुन्हा कधी कोणाला अर्थ सांगायला बसताना मी आधी माझा कान धरणार आहे.

आमच्या कामात एक जुनी गोष्ट शिकवतात. नकलनवीस जेवढा विद्वान, तेवढी त्याची नक्कल संशयास्पद. अडाणी माणूस जसं दिसेल तसं अक्षर उतरवतो. विद्वानाला आधीच ठाऊक असतं काय असायला हवं, आणि हात ते लिहून जातो. पण असं लिहून झाल्यावर स्वतःच पान फाडणारा, समासात "इथे माझा हात वाकला" असं नोंदवणारा नकलनवीस मला तीस वर्षांत भेटला नाही. भेटला असता तर मी त्याच्या अक्षरावर डोळे मिटून विसंबले असते. तू मात्र उलटा निष्कर्ष काढलास. तुला वाटलं, एकदा डोळा वाकला म्हणजे डोळाच गेला. मास्तर म्हणतात तिकडे तू यंत्रं बसवतेस, लोकांना शिकवतेस, खरेदीच्या याद्या करतेस, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत नाहीस. "तिथे ती खुर्च्या मोजते," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं नाही. वाचकाचं काम सोडून भांडारात बदली मागणारा तुझा अर्ज त्यांच्या खणात पडून आहे. पुढे पाठवायची त्यांची तयारी नाही. विसरभोळेपणाचं सोंग करताहेत. त्यांना ते जमतं, कारण चेहरा पेन्शनीच्या कागदाचा आहे.

तुला ठाऊक नसेल अशी एक गोष्ट आता सांगते. तुझ्या जाण्यानंतर तुमच्या नोंदवहीत एक नवा रकाना आला आहे. नमुना हातात घेतल्यावर, मोजायला बसण्याआधी, प्रत्येक वाचकाने त्यात लिहायचं: "हे माणूस माझ्या ओळखीचं नाही." आणि खाली सही. ओळखीचं असेल तर रेघ मारायची, काही विचारलं जात नाही, नमुना दुसऱ्याकडे जातो. दोन आकड्यांतला एक शेकडा दहाच्या खाली आणि दुसरा वर आला तर बेरीजही करायची नाही, तिसऱ्याने मोजायचं, हाही नियम झाला. छापील कागदावर त्या रकान्याला काहीतरी लांबलचक सरकारी नाव आहे. पण मी बसले होते तेव्हा तिसरी आत आली आणि मास्तरांना म्हणाली, "तेवढा घुबडाचा रकाना भरायचा राहिला, पेन द्या." मला आधी समजलंच नाही. मास्तर ओशाळले. म्हणाले, "सगळे असंच म्हणतात. नवे लोक येतात, त्यांना वाटतं घुबड म्हणजे एखादं तपासणीचं तंत्र आहे." मी वही मागून पाहिली. पानामागून पान, सह्या. मध्येच कुठे कुठे एक आडवी रेघ. मी त्या रेघा मोजल्या. अकरा. अकरा वेळा कोणीतरी हातातली काचपट्टी खाली ठेवून बाजूला झालं, आणि कोणाला काही सांगावं लागलं नाही. लोक ग्रंथ लिहून मागे ठेवतात. तू एक रकाना ठेवलास, आणि मला विचारशील तर तो जास्त वाचला जातो.

माफी मागायची माझी पद्धत तुला माहीत आहे: मी विषय बदलते आणि चहा करते. या खेपेला चहा पाठवता येत नाही, म्हणून सरळ लिहिते. मी चुकले. जे बोलले ते परत घेते.

आणि आता, मी मंगळवारी तिथे का गेले होते. (पानं पिसली नाहीत. एवढ्या बाबतीत तुला फसवायचं धाडस झालं नाही. शिवाय तू आधी इथेच आली असशील.) दादाच्या मानेला, डाव्या बाजूला, पुन्हा एक गाठ लागली आहे. बटण लावताना माझ्याच बोटांना लागली, पंधरा दिवसांपूर्वी. डॉक्टरीणबाई म्हणतात, काहीच नसेल, असेलही. सोमवारी काढून बघू, आणि जुन्या काचपट्ट्या शेजारी ठेवून ताडून बघू. त्या काचपट्ट्यांचा अर्ज द्यायला मी गेले होते. तुला कळवू नकोस असं त्याने मला बजावलं आहे, "ती धावत येऊन मोजायला बसेल," असं त्याचं म्हणणं. मी त्याला सांगितलं, तिला मोजता येणार नाही, तिनेच तशी सोय करून ठेवली आहे. मास्तरही बाद झाले. माझ्यासमोर वही ओढून त्यांनी रेघ मारली आणि म्हणाले, तुमचा चहा महागात पडला. तिसरी मोजेल, जिला तू दोन वर्षं शेजारी बसवून फट ओळखायला शिकवलंस, आणि दुसरा बाहेरून येईल. म्हणजे तुझ्या डोळ्यांवर अजून विश्वास ठेवणारं कोणी असेल तर ते आम्ही आहोत, दादा आणि मी. दादाची पुढची सगळी वाटचाल तूच शिकवलेल्या डोळ्यांच्या हातात आहे. तो बदलीचा अर्ज मागे घ्यायचा की नाही ते तू तुझं ठरव. पण सोमवारी खाली जायचं नाही. तुझी ड्युटी वर आहे. सकाळी साडेनऊला, शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर. शर्टाची बटणं तो स्वतः लावून येणार म्हणतो, त्यामुळे आम्हाला घरातून आठलाच सुरुवात करावी लागेल. तिथला तो लाकडी बाक तीन जणांचा आहे. मागच्या वेळी तिसऱ्या जागेवर मी माझी पर्स ठेवली होती. या वेळी ती मांडीवर घेऊन बसेन.

तुझीच, आणि बटणं लावण्यापुरती तुझ्या दादाची,
वहिनी